सिंधीपुऱ्यातली मार्चअखेर

मार्च महिना लागला की सरकारी दप्तरांतून जमाखर्च मिटविण्याची धांदल उडते. परंतु बऱ्हाणपूर शहरातील सिंधीपुरा वस्तीत, एका अंगणवाडी केंद्राच्या दोन खोल्यांत, याच दिवसांत जो हिशेब मांडला जातो त्याचा तपशील अगदीच निराळा असतो. लवकरच पहिलीच्या वर्गात बसणारी जी मुले असतात, त्यांची चाल, बोलणे, समज आणि इतरांशी वागणे कोणत्या टप्प्याला आले आहे, हे कार्यकर्तीला प्रत्येकाच्या मूल्यांकनपत्रकात नोंदवावयाचे असते. परवानगी घेऊन मी हे काम जवळ बसून पाहिले. आणि जसजसे पाहत गेलो तसतशी माझी खात्री होत गेली की, पाचसहा वर्षांच्या मुलाविषयी चार ओळी खऱ्या लिहिणे हे एखाद्या प्रौढ इसमाची जबानी टिपून घेण्यापेक्षा पुष्कळच अवघड आहे, कारण मूल आपली कैफियत विचारल्यावेळी मांडत नाही आणि मांडते त्यावेळी कोणी विचारलेले नसते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली, त्यावेळी पोषण आणि आरोग्य यांवरच मुख्य भर होता. २०१३ साली बालशिक्षणाचे राष्ट्रीय धोरण आले तेव्हा कोठे वजनकाट्याच्या जोडीला मुलाच्या मनोविकासाचीही नोंद ठेवण्याला महत्त्व आले. पत्रकातील विधाने छापील असतात आणि घाई असली तर मुलांना ओळीने उभे करून, प्रश्न विचारून, तासाभरात सारे रकाने भरून टाकता येतात. येथील दीदी (मुले कार्यकर्तीला दीदीच म्हणतात) तसे करीत नाहीत. त्या सतरंजीवर जिन्नस मांडून ठेवतात, मुलांना खेळू देतात आणि मांडीवर वही घेऊन पाहत राहतात.

एका सकाळी त्यांनी जुन्या बटणांचा डबा पालथा केला आणि रंगांप्रमाणे ढीग लावायला सांगितले. एका मुलाने लाल, पांढरी, काळी बटणे एकत्र कालवून दोनच ढीग केले. छापील विधानाच्या कसोटीला हे सरळ चूक होते. परंतु दीदींनी हे असे का लावलेस म्हणून विचारताच तो उत्तरला, ‘इनको दो आँख है, उनको चार.’ दोन छिद्रांची एकीकडे, चार छिद्रांची दुसरीकडे! रंग सर्वांना दिसतो. छिद्रांची संख्या हा वर्गीकरणाचा पाया होऊ शकतो हे ज्याला आपण होऊन सुचले, त्याच्या बुद्धीविषयी ‘येत नाही’ असा शेरा पडला असता तर तो केवढा अन्याय झाला असता! दीदींनी त्याचे वाक्य जसेच्या तसे उतरून घेतले. रंगांची पाहणी त्यांनी दुसऱ्या दिवशी, तोरणाच्या पताका चिकटविताना, त्याच्या नकळत करून घेतली.

त्यांच्या वहीतील नोंदी अशाच आहेत. ‘हुशार’, ‘मंद’, ‘हट्टी’ हे शब्द तीत मला आढळले नाहीत. कात्री कोणत्या हाताने धरली, खिचडीपूर्वी हात धुण्याच्या रांगेत कोणी कोणाला पुढे जाऊ दिले, चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक लांबवर पसरल्यावर त्या ओळीत चिंचोके जास्त झाले असे कोण म्हणाले, एवढेच तीत असते. हे शेवटचे उत्तर या वयात पुष्कळ मुले देतात. त्यात उणेपणा नसून तो वाढीचा एक टप्पा आहे, हे दीदी नव्या सहायिकेला आवर्जून सांगत होत्या. वहीच्या डाव्या कडेला प्रत्येकाची जन्मतारीखही असते. कारण एकाच तुकडीतील दोन मुलांत अकरा महिन्यांचे अंतर असू शकते, आणि ज्याचे सारे आयुष्यच पाचसहा वर्षांचे, त्याच्या हिशेबात अकरा महिने ही फार मोठी रक्कम आहे.

मात्र सर्वांत कठीण रकाना भाषेचा. बऱ्हाणपूर हे पहिल्यापासून अनेक भाषांचे शहर. फारुकी सुलतान राजा अली खानाच्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या सोबत संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर कारभार हिंदीत स्थिरावला, तरी घराघरांतून मराठी, उर्दू, निमाडी, गुजराती नांदत राहिल्या. एक मराठी घरातील मुलगी कोंबडी आणि पिलांच्या चित्रापुढे हिंदी प्रश्नांना मौनानेच उत्तर देत होती. मग मराठी बोलणाऱ्या सहायिकेने तेच चित्र पुढे धरले, तेव्हा, ‘एक पिल्लू हरवलंय, म्हणून आई मान वर करून बघतीय,’ असे ती एका दमात म्हणाली. कार्यकारणाने जोडलेले, चित्राबाहेरची घटना कल्पिणारे ते वाक्य ऐकल्यावर त्या मौनाचा अर्थच पालटला. दीदींनी खूण केली आणि समासात लिहिले : मराठीत.

इंग्लंडमध्ये मूल पाच वर्षांचे होते त्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस १७ उद्दिष्टांवर शिक्षिका आपला अभिप्राय देते. तेथेही संभाषण आणि साक्षरता यांची पाहणी इंग्रजीतच करण्याचा दंडक असला, तरी बाकीची उद्दिष्टे कोणत्याही भाषेच्या आधारे पाहण्याची मुभा आहे. आपल्याकडे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अंगणातच बालवाडी भरवून, आधी मुलाला त्याच्या घरच्या परिसरात पाहा असा धडा घालून दिला होता. मराठीतच हा वारसा असताना सिंधीपुऱ्यातल्या त्या समासातील शब्दाला पत्रकात स्वतंत्र रकाना नसावा, याचे मला वाईट वाटते.

पत्रके भरल्यावर पालकांना बोलावणे गेले. त्या मुलीच्या आईने पहिलाच प्रश्न केला, ‘पास झाली ना?’ दीदींनी निकाल सांगितला नाही. वही उघडून कोंबडीचे वाक्य वाचून दाखविले. आई थबकली, मग म्हणाली, ‘घरी मागाच्या कांड्या मोजते ती, तीसपर्यंत.’ पत्रकात गणनेपुढे दहापर्यंतचीच खूण होती. मुलीला लगेच पुढे घेऊन चिंचोके मोजविण्यात आले, अर्थात मराठीत, आणि नोंद दुरुस्त झाली.

आता हे पत्रक शाळेत जाईल. तेथे ते गठ्ठ्यात बांधून फडताळात पडले तर ही सारी मेहनत व्यर्थ आहे. उन्हाळी सुटीपूर्वी पहिलीच्या शिक्षिकेने एक सकाळ या सतरंजीवर येऊन बसावे आणि प्रत्येक पत्रक दीदींकडून समजावून घ्यावे, एवढी तजवीज खात्याने केली, तर या मुलीला पहिला प्रश्न कोणत्या भाषेत विचारावा हे तरी वर्गात आधी ठाऊक असेल.