बाटलीवर जास्वंद, आत काय?

रक्तदाब, रक्तातील साखर, वाढलेले वजन, गळणारे केस अशा नाना तक्रारींवर ‘हिबिस्कस’च्या कॅप्सूल, भुकट्या आणि चहाच्या पुड्या हल्ली सर्रास विकल्या जातात. वेष्टनावर बहुधा लालभडक जास्वंदीचे चित्र असते. गावात विज्ञान शिकवणारी व्यक्ती म्हटली की पालक आणि सहकारी हमखास विचारतात, “सर, हे घेतलं तर चालेल का?” याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. पण चार प्रश्न क्रमाने विचारले, तर विचारणाऱ्याला स्वतःच निर्णय घेता येतो. ते प्रश्न असे: वनस्पती कोणती? तिचा भाग कोणता? प्रमाण किती? आणि घेणारा कोण?

वनस्पती कोणती?

‘हिबिस्कस’ हे एका झाडाचे नाव नाही, ते प्रजातीचे नाव आहे. या प्रजातीत काही शे जाती येतात. आपल्या कुंपणावर फुलणारी, गणपतीला वाहिली जाणारी जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. भाजीच्या बाजारात मिळणारी लाल अंबाडी म्हणजे हिबिस्कस सब्दारिफा. ही दोन्ही नावे लिनियसने १७५३ साली दिली. त्याच वर्षी त्याने भेंडीलाही हिबिस्कस प्रजातीतच बसवले होते. पुढे तिची रवानगी दुसऱ्या प्रजातीत झाली. तेव्हा नुसते ‘हिबिस्कस’ असे लिहिणे म्हणजे पत्त्यात फक्त आडनाव लिहिण्यासारखे आहे.

हा फरक महत्त्वाचा का? रक्तदाबावर माणसांमध्ये जे नावाजलेले प्रयोग झाले, ते लाल अंबाडीवर झाले, जास्वंदीवर नव्हे. इजिप्त आणि सुदानमध्ये ‘करकडे’, सेनेगलमध्ये ‘बिसाप’, मेक्सिकोत ‘आग्वा दे हमायका’ या नावांनी जे लाल, आंबट पेय पितात, ते याच अंबाडीचे. विदर्भात अंबाडीच्या बोंडांचे सरबत करतात, तेही हेच. म्हणून बाटलीवर चित्र काय आहे ते पाहू नये, शास्त्रीय नाव शोधावे. ते दोन शब्दांत पूर्ण लिहिलेले नसेल, तर ती बाटली तिथेच खाली ठेवावी.

भाग कोणता?

फुलाचे भाग शिकवताना आपण जास्वंदच घेतो. सर्वांत बाहेरचा हिरवा निदलपुंज, त्याच्या आत रंगीत दलपुंज, मग पुमंग आणि जायांग. अंबाडीत गंमत अशी की पाकळ्या गळून पडल्यावर निदलपुंज वाळत नाही. तो फुगतो, मांसल आणि गडद लाल होतो आणि फळाला वेढून बसतो. आपण ज्याला ‘बोंड’ म्हणतो त्याचा लाल भाग हाच. पेय त्याचेच होते. त्यामुळे ‘हिबिस्कसच्या फुलांचा चहा’ हे वर्णन वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ढिलेच म्हणायचे.

अंबाडीच्या पानांची आपण भाजी करतो, खोडापासून वाख काढून दोर वळतो, बियांपासून तेल निघते. प्रत्येक भागातली रसायने वेगळी. निदलपुंजात अँथोसायनिन या गटातील लाल रंगद्रव्ये आणि पुष्कळशी सेंद्रिय आम्ले असतात. तेव्हा ‘हिबिस्कस भुकटी’ एवढेच लिहिलेले पुरत नाही. ती निदलपुंजाची की पानांची, हे लिहिलेले हवे.

प्रमाण किती?

आता प्रयोगांकडे वळू. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रक्तदाब थोडासा वाढलेल्या ६५ प्रौढांपैकी काहींना रोज तीन पेले अंबाडीचा चहा दिला, तर काहींना तशाच चवीचे पण अंबाडी नसलेले पेय. प्रत्येक पेल्यात २४० मिलिलिटर पाणी आणि सव्वा ग्रॅम सुकी बोंडे होती. सहा आठवड्यांनी चहा घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७.२ मिलिमीटर पाऱ्याने उतरला. दुसऱ्या गटाचाही तो १.३ने उतरला. म्हणजे चहाच्या खात्यावर जमा करायचे ते साधारण सहा मिलिमीटर. तुलनेसाठी दुसरा गट का लागतो, हे मुलांना सांगायला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

मेक्सिकोत २००४ साली झालेल्या प्रयोगात रुग्णांना रोज १० ग्रॅम सुक्या बोंडांचा काढा चार आठवडे दिला. त्याचा परिणाम कॅप्टोप्रिल या औषधाच्या जवळपास आला. पण त्याच संशोधकांनी २००७ साली अंबाडीच्या अर्काची तुलना लिसिनोप्रिल या औषधाशी केली, तेव्हा औषध सरस ठरले. जाहिरातींमध्ये यांतला पहिला निष्कर्ष दिसतो, दुसरा दिसत नाही.

आता थोडे अंकगणित करू. टफ्ट्सच्या प्रयोगात रोजची मात्रा पावणेचार ग्रॅम बोंडे, मेक्सिकोत दहा ग्रॅम. समजा, एका कॅप्सूलमध्ये ४०० मिलिग्रॅम बोंडांची भुकटी आहे आणि बाटलीवर ‘रोज एक’ असे लिहिले आहे. पहिल्या प्रयोगाची बरोबरी करायला रोज नऊ-दहा कॅप्सूल लागतील, दुसऱ्याची करायला पंचवीस. याचा अर्थ पंचवीस घ्याव्यात असा मुळीच नाही. अर्थ इतकाच की प्रयोगाचा दाखला देऊन त्याच्या दशांश किंवा त्याहूनही कमी मात्रा विकणे म्हणजे एकाच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्याला प्रवेश देणे होय.

कधी ‘१०:१ अर्क’ असे लिहिलेले असते. म्हणजे दहा ग्रॅम मालापासून एक ग्रॅम अर्क काढला. या हिशेबाने ४०० मिलिग्रॅम अर्क म्हणजे चार ग्रॅम बोंडे होतात. पण अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यावर त्यात काय उतरले ते ठरते. शिवाय अँथोसायनिन उष्णतेने, उजेडाने आणि नुसत्या साठवणुकीनेही विघटित होतात. म्हणून अँथोसायनिनचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये दिलेले आणि निर्मितीची तारीख जवळची असलेले उत्पादन त्यातल्या त्यात बरे.

आणखी एक खबरदारी. अंबाडीतील अँथोसायनिन रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीतील एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, परीक्षानळीत अडवतात हे खरे. पण ही द्रव्ये पोटातून रक्तात फारच थोडी पोहोचतात. नळीत जे घडते ते शरीरात तसेच घडेल असे धरून चालू नये.

घेणारा कोण?

खरा धोका इथे आहे. रक्तदाबाची गोळी चालू असलेला माणूस ‘वनस्पतीचेच आहे, अपाय कसला?’ म्हणून कॅप्सूल सुरू करतो. दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन दाब फार उतरला तर उठताना घेरी येते, वयस्क माणूस पडतो. याहून वाईट म्हणजे चांगली लागू पडलेली गोळीच तो बंद करतो. रक्तदाब वाढला तरी दुखत-खुपत नाही, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने कळत नाही, आणि कळते तेव्हा पक्षाघात होऊन गेलेला असतो. म्हणून गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करायची नाही, हा नियम सर्वांत आधी सांगावा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनीही आधी विचारावे.

सुदानमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात करकडेबरोबर घेतलेले क्लोरोक्विन हे हिवतापावरील औषध शरीरात कमी शोषले गेले असे दिसले. आणि जास्वंदीविषयी म्हणाल, तर १९७०च्या दशकात वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात तिच्या फुलांच्या अर्काने उंदरांच्या प्रजननचक्रावर परिणाम होतो असे आढळले. हा प्रयोग प्राण्यांवरचा असला, तरी गरोदर स्त्रियांनी आणि मूल हवे असणाऱ्यांनी असे अर्क टाळणेच शहाणपणाचे. पूजेतले फूल आणि बाटलीतला अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक हवा. २०१६च्या नियमांनुसार ती ‘औषधी वापरासाठी नाही’ असेही छापावे लागते. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचे तर परवाना १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली लागतो. आणि रक्तदाब किंवा मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४चा जादुई उपायांसंबंधीचा कायदा मनाई करतो. म्हणजे जी बाटली ‘रक्तदाब मुळापासून घालवते’ असे सांगते, ती पहिल्याच वाक्यात कायदा मोडते. तिची पुढची वाक्ये वाचण्याचे कारण उरत नाही.

वर्गात करून पाहा

अँथोसायनिन हे दर्शक आहेत. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गडद गुलाबी आणि अल्कलीत हिरवा होतो, हे सातवी-आठवीची मुले करतातच. तोच प्रयोग कॅप्सूलवर करा. एक कॅप्सूल उघडून भुकटी कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवा व गाळा. शेजारी जास्वंदीच्या पाकळ्यांचा आणि मिळाल्यास अंबाडीच्या सुक्या बोंडांचा अर्क ठेवा. प्रत्येकाचा सामू दर्शक कागदाने पाहा, मग खाण्याचा सोडा थोडा थोडा टाका.

बोंडांचा अर्क चांगलाच आम्लधर्मी, सामू तीनच्या आसपास. सोडा टाकताच तो फसफसतो आणि रंग जांभळ्याकडून मळकट हिरव्याकडे जातो. जास्वंदीचा अर्क बराच कमी आम्ल, त्यामुळे फेस जवळजवळ येत नाही. कॅप्सूलचे पाणी लाल असूनही रंग अजिबात बदलला नाही, तर त्यात अँथोसायनिन नाहीत, दुसराच रंग आहे असे समजावे. मात्र उलटे खरे नाही. रंग बदलला म्हणून ती अंबाडीच असे सिद्ध होत नाही, कारण जांभळाची साल आणि लाल कोबीही असेच वागतात. चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे मुलांना याच वेळी समजावावे. प्रयोगातले काहीही चाखू देऊ नये.

शेवटी, ज्याला कोणतेही औषध चालू नाही आणि अंबाडीची चव आवडते, त्याने बाटलीपेक्षा बाजारातली सुकी बोंडे घेतलेली बरी. काय घेतले आणि किती घेतले ते डोळ्यांना दिसते. चिंच-कोकमाप्रमाणे हा काढाही ॲल्युमिनियमच्या भांड्यात उकळू नये, साखर बेताने घालावी आणि रक्तदाब मात्र यंत्रानेच मोजून घ्यावा.