स्वरांचा आरसा

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज जसा ऐकू येतो, तसा तो इतरांना ऐकू येत नाही. श्रोत्यांपर्यंत तो केवळ हवेतून पोहोचतो. गाणाऱ्याच्या कानी मात्र तो हवेतून आणि कवटीच्या हाडांतून अशा दोन वाटांनी येतो. शिवाय गाताना त्याचे सारे लक्ष गाण्यातच गुंतलेले असते. त्यामुळे चूक होते, परंतु ती ज्याची त्यालाच कळत नाही. पूर्वी ही चूक दाखविणारा एकच आरसा असे. तो म्हणजे समोर बसलेल्या गुरूचा कान.

१८७७ साली थॉमस एडिसन याने फोनोग्राफ हे यंत्र तयार केले आणि हवेत विरून गेलेला आवाज पुन्हा ऐकणे शक्य झाले. पुढे तबकड्या आल्या, चुंबकीय फिती आल्या. आज तेच काम संगणक करतो. मायक्रोफोनमधून आलेली ध्वनिलहर तो क्षणोक्षणी मोजतो आणि ती मापे आकड्यांच्या रूपाने साठवितो. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी असे मोजमाप एका सेकंदात ४४,१०० वेळा केले जाते. हे आकडे पडद्यावर रेषेच्या रूपाने दाखविणारी आणि ध्वनी कापण्याची व जोडण्याची सोय करून देणारी अनेक सॉफ्टवेअरे आहेत. त्यांपैकी ‘ऑडॅसिटी’ हे विनामूल्य मिळते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली त्याच्या निर्मितीस आरंभ झाला आणि २००० साली ते सर्वांसाठी खुले झाले.

अशा सॉफ्टवेअरचा विद्यार्थ्याला उपयोग काय? तबला शिकणाऱ्या एखाद्या मुलाचे उदाहरण घेऊ. तीनताल सोळा मात्रांचा. मिनिटाला १२० मात्रा अशी लय धरली, तर एक आवर्तन ८ सेकंदांत पुरे व्हावयास हवे. मुलगा दहा आवर्तने वाजवितो आणि ती संगणकात साठवितो. पडद्यावर प्रत्येक आघाताच्या जागी रेषेला उंच टोक आलेले असते. पहिले आवर्तन बरोबर ८ सेकंदांचे असते. दहावे मात्र साडेसात सेकंदांतच संपलेले दिसते. ‘तुझी लय वाढते,’ असे गुरुजींनी कितीदा तरी सांगितले होते. पण वाजविताना ते त्याला जाणवत नव्हते. आता ते त्याला डोळ्यांनी दिसते आणि कानांनीही पटते.

दुसरा लाभ द्रुत तान शिकताना होतो. तबकडी निम्म्या वेगाने फिरविली, तर तान सावकाश ऐकू येई, परंतु तिचे सारे स्वर एक सप्तक खाली उतरत. संगणक ध्वनीचे अतिसूक्ष्म तुकडे करतो आणि ते अधिक काळावर पसरून पुन्हा सांधतो. त्यामुळे तानेचा वेग कमी होतो, पण स्वर आपली जागा सोडीत नाहीत. तानेतील एकेक स्वर मग विद्यार्थ्याला नीट ओळखता येतो.

तथापि, या साधनाला मर्यादा आहे. दरबारी कानडा रागातील कोमल गंधार स्थिर नसतो; तो संथपणे आंदोलत राहतो आणि त्या आंदोलनातच रागाचे रूप प्रकटते. बेसूर आवाज आपोआप सुरात आणणारी सॉफ्टवेअरे १९९७ सालापासून प्रचारात आहेत. हा गंधार त्यांच्या स्वाधीन केला, तर ती त्यालाही ताणून सरळ करू शकतात. स्वर मग मापात बसतो, पण राग हरवतो. कोणते हलणे ही चूक आणि कोणते हलणे हे सौंदर्य, हा विवेक यंत्रापाशी नसतो. तो गुरूच्या सहवासाने, पुष्कळ गाणे ऐकून आणि नित्याच्या रियाजानेच येतो.

आणखी एक धोका ध्यानी घ्यावयास हवा. चुकलेला सूर संगणकावर दुरुस्त करता येतो. परंतु त्यामुळे साठविलेले गाणे तेवढे सुधारते, गाणारा सुधारत नाही. आरसा चेहऱ्यावरील डाग दाखवितो. तो डाग आरशावर पुसून जात नाही. त्यासाठी तोंडच धुवावे लागते.