घड्याळ उलटं करून बघा

हातातली यंत्रं : लेखांक ९

मागच्या लेखांकात स्मार्टवॉचच्या खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे ते पाहिलं. खोक्यावर जे छापलेलं नसतं ते कळायला मात्र घड्याळ मनगटावर चढवावंच लागतं. दिल्लीत आमच्या लक्ष्मीबाई नगरात राहणाऱ्यांना त्याची सोय चांगली. झाशीच्या राणीच्या नावाची ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आयएनए मेट्रो स्थानकाजवळ आहे. पिवळ्या मार्गाने दक्षिणेला चौथं स्थानक मालवीय नगर. तिथून साकेतचा सिलेक्ट सिटीवॉक मॉल जवळ. उत्तरेला गेलात की राजीव चौक, म्हणजे कॅनॉट प्लेस. सरोजिनी नगरचा बाजार तर हाकेच्या अंतरावर, पण तिथे कपडे घ्यावेत. घड्याळ घेऊ नये.

ही सोय तशी नवीच. ॲपलचं पहिलं घड्याळ 2015 साली आलं तेव्हा कंपनीने 10 एप्रिलपासून दुकानांत ते घालून पाहण्याची वेळ ठरवून द्यायला सुरुवात केली. फोन विकणारी कंपनी गिऱ्हाइकाचं मनगट हातात घेऊन पट्टा बांधून देते, याची तेव्हा बातमी झाली होती. त्या पहिल्या नऊ ठिकाणांत भारत नव्हता. आपल्याकडे घड्याळ त्याच वर्षी नोव्हेंबरात पोचलं, तेही इतरांच्या दुकानांतून. कंपनीची स्वतःची दुकानं यायला 2023 उजाडलं: 18 एप्रिलला मुंबईत बीकेसीला आणि 20 एप्रिलला साकेतला. आता दरवर्षी जुलै-ऑगस्टात सॅमसंगची आणि सप्टेंबरात ॲपलची नवी घड्याळं आली की शनिवार-रविवारी टेबलाभोवती गर्दी होते. बहुतेक जण घड्याळ बांधतात, हात लांब करून आरशात बघतात, फोटो काढतात आणि निघतात. त्यात पडदा तेवढा बघून होतो, आणि पडदा तर जाहिरातीतही दिसतो.

माझं म्हणणं, आधी घड्याळ उलटं करा.

मागच्या काचेत हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत क्षणभर जास्त रक्त येतं, जास्त प्रकाश शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. शेजारचा संवेदक हा चढउतार टिपतो आणि त्यातून ठोके मोजले जातात. रक्तातल्या ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त दिवे असतात. सगळा खेळ काच आणि कातडी यांच्यामधल्या फटीचा. फट राहिली की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि हिशेब चुकतो. गोंदण असलं तरी शाई प्रकाश अडवते, हे कंपन्या स्वतःच सांगतात. मनगटावर गोंदण असेल, तर दुसऱ्या हाताला बांधून बघा.

म्हणून पहिली परीक्षा मापाची. बांगडी हातात फिरायला हवी, घड्याळ फिरता कामा नये. मनगटाच्या हाडावर न बांधता कोपराच्या बाजूला बोटभर वर बांधा आणि हात जोरात हलवा. सरकलं तर पट्टा बदलून मागा किंवा लहान आकार मागा. एकाच घड्याळाचे बहुधा दोन आकार असतात. ॲपलच्या सिरीज 10 मध्ये 42 आणि 46 मिलिमीटर, सॅमसंगच्या वॉच 7 मध्ये 40 आणि 44. कागदावर चार मिलिमीटर काहीच वाटत नाहीत, बारीक मनगटावर मात्र मोठ्या घड्याळाच्या कडा दोन्हीकडून बाहेर येतात आणि मधे पोकळी राहते. विक्रेता मोठाच पुढे करतो, कारण तो महाग असतो. मनगट मागे वाकवून बघा. बाजूचं बटण हाताच्या पाठीत रुतत असेल तर ते घड्याळ व्यायामाच्या कामाचं नाही. आणि लगेच काढू नका. दुकानात हिंडत राहा, फोन बघा, दाराबाहेर जाऊ देत असतील तर उन्हात उभे राहून वेळ वाचा. दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच पडदे झळकतात. दिल्लीच्या मे महिन्यातल्या दुपारी 2000 निट्स उजळतेचा पडदा आणि स्वस्तातला पडदा यांतला फरक विचारावा लागत नाही.

नाडी मोजून बघायला हरकत नाही, पण दुकानातला डेमो पीस बऱ्याचदा प्रात्यक्षिकापुरताच चालवलेला असतो. त्यावरचा आकडा तुमचा असेलच असं नाही. चालू असेल तर दुसऱ्या मनगटाची नाडी अर्धा मिनिट स्वतः मोजा, दुप्पट करा आणि ताडून बघा. काही वर्षांपूर्वी चीनमध्ये लोकांनी घड्याळं टॉयलेट पेपरच्या गुंडाळीला बांधून तिचीही ‘नाडी’ दाखवली होती. त्यावरून ही सगळी फसवणूक आहे असं म्हणणारे म्हणोत. घड्याळ परतणाऱ्या प्रकाशातली लय शोधत असतं आणि गुंडाळीवरही त्याला कसली तरी लय सापडते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. खरा धडा उलट आहे: पडद्यावर आकडा आला म्हणून तो खरा धरायचा नाही.

हा धडा विक्रेत्याच्या बोलण्यालाही लावा. “सर, इसमें बीपी भी है, शुगर भी है,” हे वाक्य मी एका दुकानात ऐकलं आहे, दोन-तीन हजारांच्या घड्याळाबद्दल. त्यातली साखर तर सोडूनच द्या. सुई न टोचता मनगटावरून रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला. मधुमेह्याने असल्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जीवावर बेतेल. रक्तदाबाचं म्हणाल तर सॅमसंगसुद्धा आधी दंडाला पट्टा बांधून मोजलेल्या आकड्यांशी घड्याळ जुळवायला लावतं, आणि ते दर 28 दिवसांनी पुन्हा करावं लागतं. जुळवणीचं नावही न काढता आकडा दाखवणाऱ्या घड्याळाकडे करमणूक म्हणून बघावं. ईसीजीचा प्रकार जरा प्रामाणिक आहे. दुसऱ्या हाताचं बोट बटणावर ठेवलं की दोन हातांमधून विजेचं मंडल पूर्ण होतं आणि एक रेघ मिळते. ठोक्यांतली एक विशिष्ट अनियमितता तीत पकडता येते, हृदयविकाराचा झटका पकडता येत नाही. आयएनएच्या पुढचंच स्थानक एम्स आहे. छातीत दुखलं तर तिथे जा, तिथल्या ईसीजीत बारा रेघा असतात.

फोनची चौकशी मात्र घरूनच करून निघा. ॲपलचं घड्याळ फक्त आयफोनशी जुळतं. सॅमसंगची घड्याळं 2021 च्या वॉच 4 पासून आयफोनशी जुळत नाहीत. दुकानात हे कुणी आपणहून सांगेल अशी आशा धरू नका. स्वस्त देशी घड्याळं दोन्हींशी जमवून घेतात आणि आठवडाभर चार्जिंगशिवाय चालतात, कारण त्यांच्यात फोनसारखी ॲप चालवणारी यंत्रणाच नसते. ॲपलने सिरीज 10 पर्यंत 18 तासांचाच वायदा केला होता, म्हणजे रोज रात्री चार्जर. झोप मोजण्यासाठी घेणाऱ्याने हा विचार आधीच करावा.

एक परीक्षा आपल्यासाठी खास. घड्याळ फोनला जोडून दाखवत असतील तर घरून कुणाला तरी मराठीत संदेश पाठवायला सांगा, आणि त्यात ‘लक्ष्मीबाई’ हा शब्द असू द्या. जोडाक्षरं फुटली, वेलांट्या भलत्याच अक्षरावर गेल्या किंवा नुसते चौकोन आले, तर आईचा प्रत्येक निरोप तुम्हाला खिशातून फोन काढूनच वाचावा लागणार.

घेतलंत तर पक्कं बिल घ्या आणि परतीची अट बिलावर छापली आहे का ते तिथेच वाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. नुसतं आवडलं नाही म्हणून परत घेण्याची सक्ती त्यात नाही. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.