विजेच्या खंडास उपाय : सोलर व बॅटरी कीं जनरेटर ?

खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें व भिवपुरीचें १९२२ सालीं. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी खालीं आणून या दोन ठिकाणीं वीज निर्माण होते, आणि भिवपुरीहून सुटलेल्या पाण्यावर राजनाल्याच्या कांठीं उन्हाळी भातहि पिकतें. परंतु वीज आपल्या कर्जत-खालापुरांत जन्मते म्हणून ती आपल्या घरीं अखंड नांदते, असें मात्र नाहीं. मृगाचा वारा सुटला कीं एखादी फांदी तारेवर पडते आणि गांवें अंधारांत बुडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर रायगड जिल्ह्यांतील कित्येक गांवीं दिवसेंदिवस वीज नव्हती. यास्तव ‘सोलर घ्यावें कीं जनरेटर ?’ असें अनेक शेतकरी बंधु विचारतात. त्याचा विचार येथें अनुभवासह मांडीत आहें.

प्रथम माझी चूक सांगतों. महसूल खात्यांत तीस वर्षें मीं इतरांचे कागद तपासले. परंतु निवृत्तीनंतर छपरावर पॅनेलें बसविण्याच्या करारावर मात्र न वाचतां सही केली. पुढील पावसाळ्यांत दोन दिवस वीज गेली. दुसऱ्या दिवशीं दुपारीं लख्ख ऊन पडलें, तरी घरांतील एकहि दिवा लागेना. आमच्या मातोश्री दमेकरी. त्यांचें वाफ घेण्याचें यंत्र बंद पडलेलें. अखेर त्यांना शेजाऱ्यांच्या गाडींतून दवाखान्यांत न्यावें लागलें. मागाहून समजलें कीं, महावितरणच्या तारेस जोडलेलें साधें सोलर तारेंतील वीज गेली कीं आपोआप बंद होतें. तसें न झालें तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. तेव्हां हा यंत्राचा दोष नव्हे, नियमच आहे. वीज गेल्यावर उजेड हवा असेल तर बॅटरी व तीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. आणि तो मिळणार कीं नाहीं, हें विक्रेत्याकडून लेखी घ्यावें.

खरेदीपूर्वीं गरज मोजावी. पांच एलईडी दिवे, दोन पंखे व मोबाईलचा चार्जर मिळून सुमारें २०० वॅट होतात. ते पांच तास चालविल्यास एक युनिट लागतें. फ्रिज दिवसास साधारण एक युनिट घेतो. याउलट तीन अश्वशक्तीचा पंप चालतांना सव्वादोन किलोवॅट वा अधिक घेतो, आणि सुरू होतेवेळीं त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. म्हणून घराचा व पंपाचा हिशेब एका खात्यांत धरूं नये.

एक किलोवॅटचीं पॅनेलें स्वच्छ दिवशीं चार युनिटांच्या आसपास देतात. पण आषाढांत आभाळ भरून राहिलें म्हणजे एका युनिटाचीहि भ्रांत पडते. आपल्याकडील खरी अडचण हीच कीं, वीज जाते त्याच दिवसांत ऊन नसतें. म्हणून बॅटरी तारेच्या विजेवरहि भरून घेतां आली पाहिजे. बारा व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १.८ युनिट सांठविते. ती पाणी घालावयाच्या जातीची असेल, तर आयुष्य राखण्यासाठीं निम्मीच वापरावी. लिथियमची महाग, परंतु तिचा ऐंशी टक्के सांठा वापरतां येतो व ती अधिक वर्षें टिकते. २०२४ सालच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत जास्तींत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. पण तें पॅनेलांच्या क्षमतेवर, बॅटरीवर नव्हे.

जनरेटरास ऊन लागत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. लहान डिझेल जनरेटर पुऱ्या भारावर लिटरामागें अडीच-तीन युनिटें देतो. दोन दिव्यांसाठीं चालविल्यास बरेंचसें इंधन वायां जातें. शिवाय वादळांत रस्ते बंद झाल्यावर इंधन आणावयाचें कोठून ? त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. पाऊस लागूं नये म्हणून यंत्र पडवींत चालविणें म्हणजे घरांत मृत्यूस बोलावणें होय. तें दारें-खिडक्यांपासून दूर, चारी बाजूंनीं मोकळ्या छपराखालीं असावें. चेंजओव्हर स्विच बसविल्यावांचून तें घराच्या वायरिंगला कदापि जोडूं नये. उलट गेलेली वीज वायरमनचा बळी घेईल.

तात्पर्य असें. दिवे, पंखे व आजाऱ्याचें यंत्र यांसाठीं बॅटरी श्रेष्ठ. ती क्षणांत चालू होते व रात्रीं आवाज करीत नाहीं. कोंबड्यांची शेड किंवा दूध थंड ठेवण्याचें यंत्र ज्यांचेकडे आहे, त्यांस जनरेटर टाळतां येणार नाहीं. वीज अनेक दिवस न आल्यास दिवसां कांहीं तास जनरेटर चालवून बॅटरी भरावी व रात्र बॅटरीवर काढावी. याकरितां चार-पांच घरांनीं वर्गणीनें एक जनरेटर घेतला तरी पाळीपाळीनें भागेल. पंप मात्र बॅटरीवर चालवूं नये. वीजजोडणी नसलेल्यांस २०२४ सालच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेंत किंमतीच्या १० टक्के, व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांस ५ टक्के भरून दिवसां उन्हावर चालणारा पंप मिळतो.

आतां मीं इन्व्हर्टर बदलून बॅटरी घेतली आहे. मातोश्रींचें यंत्र त्यावर चालतें. मात्र खर्च दोनदां झाला. वाचकांनीं एका पावसाळ्यांत वीज केव्हां गेली व किती तासांनीं आली याची वहींत नोंद ठेवावी, व ती वही समोर घेऊनच दुकानाची पायरी चढावी, म्हणजे तो त्यांस एकदांच करावा लागेल.