रिकामा दिसणारा हात

उजव्या हाताचा पंजा सैल सोडा. अंगठ्याच्या मुळाशी एक मांसल उंचवटा असतो आणि त्याच्या समोर, करंगळीच्या खालच्या अंगाला, दुसरा. या दोहोंच्या मधल्या खळग्यात नाणं ठेवलं आणि तळवा अगदी किंचित आकसला, की नाणं दोन्ही कडांनी धरलं जातं. हात उपडा केला तरी ते पडत नाही. पाचही बोटं मोकळी राहतात. त्यांनी पेन उचलता येतं, शर्टाचं बटण लावता येतं, चहाचा कप धरता येतो. जादूगार याला पामिंग म्हणतात. नाणं असं धरायला एक दुपार पुरते. पण नाणं धरलेला हात रिकाम्या हातासारखा दिसायला महिने जातात, आणि हातचलाखीची सगळी मेहनत त्यातच आहे.

हे मी सारोळ्यात पाहिलं. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कापूरहोळ, किकवी आणि मग नीरेच्या अलीकडे सारोळे. पूल ओलांडला की शिरवळ, आणि जिल्हाही बदलतो. फाट्यावर शिरवळच्या कंपन्यांत जाणाऱ्या कामगारांची सकाळची गर्दी, मागे शेतं. या गावात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. त्यांची सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, त्यातही बराचसा काळ भोर-वेल्ह्याच्या डोंगरी भागात. नाव छापायला त्यांनी नको म्हटलं, म्हणून इथे नुसतं गुरुजी. गावातही त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत नाही.

गुरुजींच्या सरावाचा मुख्य ऐवज म्हणजे त्यांच्या आजीच्या गाठोड्यातला एक राणीछाप रुपया. जुना चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि साडेतीस मिलिमीटरच्या आसपास रुंद. कडेला बारीक दाते. अमेरिकेतले नाण्यांचे जादूगार ज्या अर्ध्या डॉलरवर शिकतात, तोही जवळजवळ याच मापाचा आहे. प्रौढ माणसाच्या तळव्यातल्या खळग्यात हे माप नेमकं बसतं आणि दाते कातडीला धरून राहतात. आजचा नवा रुपया जेमतेम २० मिलिमीटरचा, तीन ग्रॅमच्या आसपासचा, स्टीलचा. तो तळव्यात हरवतोच, पण हवा तेव्हा हातीही लागत नाही. म्हणून गुरुजी सराव राणीछापावर करतात आणि मुलांसमोर दहाचं नाणं वापरतात. ते २७ मिलिमीटरचं आहे, मागच्या बाकावरूनही दिसतं, आणि मुख्य म्हणजे मुलांच्या ओळखीचं आहे. अनोळखी नाणं दिसलं की मुलं आधी नाण्यावरच संशय घेतात.

त्यांचा सराव वेगळा काढलेला नसतो. सकाळी रुपया तळव्यात बसला की त्याच हाताने ते पेपर उलगडतात, फोन घेतात, झाडांना पाणी घालतात. गुरुजींच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, याची इतकी सवय झाली आहे की दूधवाल्याला द्यायला सुटे हवे असले तरी त्या गुरुजींच्या त्या हाताकडे मागत नाहीत. हातात काही आहे हे स्वतःच विसरून जाणं, हे गुरुजींचं या सरावातलं ध्येय. ते म्हणतात, “आपल्याला आठवण असली ना, की हाताला आठवण राहते. अंगठा ताठ होतो. लोकांना काय लपवलंय ते कळत नाही, पण काहीतरी लपवलंय हे लगेच कळतं.” मी त्यानंतर त्यांच्या अंगठ्यावरच नजर ठेवली. तो खरोखर लोंबता असतो, दमलेल्या माणसाचा असावा तसा.

ऋतूंचाही यात हात आहे. थंडीत तळवा कोरडा पडतो आणि नाणं निसटतं, मग ते बोटं पाण्यात बुडवून तळव्याला पुसतात. मे महिन्यात घामाने नाणं चिकटतं आणि सोडायच्या क्षणी सुटत नाही. भातलावणीत दिवसभर चिखलात हात राहिले की कातडी सुरकुतून मऊ होते, त्या दिवसांत नाण्यांचा नाद सोडून ते पत्ते काढतात.

आता मूळ चाल. उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर नाणं दाखवायचं, डाव्या तळव्यावर ठेवल्यासारखं करायचं, डावी मूठ मिटायची, उजवा हात नाण्यासकट बाजूला घ्यायचा. जगातला प्रत्येक हातचलाखीवाला यातूनच जातो. मी ती शिकायला बसलो तेव्हा गुरुजींनी मला खोटी चाल दाखवलीच नाही. “आधी खरं ठेवा,” म्हणाले. मी नाणं खरोखर डाव्या हातात ठेवलं, मूठ मिटली. पुन्हा. पुन्हा. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. डावी बोटं कधी मिटायला लागली, नाणं टेकल्यावर की आधीच? उजवा हात परत येताना बोटं उघडी होती की जुळलेली? तुम्ही कुठे पाहत होता? यांपैकी एकाचंही उत्तर मला देता येईना. जन्मभर एका हातातून दुसऱ्या हातात वस्तू दिल्या, पण ते कसं घडतं हे कधी पाहिलं नव्हतं. गुरुजींच्या मते शिकणाऱ्याचे निम्मे दिवस या खऱ्या कृतीचा अभ्यास करण्यात गेले पाहिजेत. खोटी चाल ही खरीची नक्कल असते, आणि मूळ माहीत नसेल तर नक्कल कशाची करणार?

मग बारकावे. नाणं धरलेली मूठ पूर्ण आवळली जात नाही, आत जागा राहते आणि बोटांच्या पेरांना एक गोलाई येते. रिकामी मूठही तेवढीच गोल मिटावी लागते. नवशिके ती दगडासारखी आवळतात. उजव्या हाताने लगेच खाली लोंबू नये, त्याला काहीतरी काम हवं: डावी बाही वर सारणं, टेबलावरची काडी उचलणं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मूठ लगेच उघडायची नाही. मधे थोडं बोलायचं, एखाद्याला फुंकर मारायला सांगायचं. प्रेक्षकाच्या मनात नाणं डाव्या मुठीत गेलं ही गोष्ट जुनी होऊ द्यायची. नंतर मूठ रिकामी निघाली की तो विचार करतो तो फुंकरीच्या क्षणाचा, आणि चाल तर कधीच होऊन गेलेली असते. लोकांना वाटतं हात भराभर चालतात. मी पाहिलेल्या साऱ्या काळात गुरुजींचा हात एकदाही घाईत नव्हता. घाईचा हात डोळ्याला ओढून घेतो.

नजरेचं तर वेगळं शास्त्रच आहे. जादूगार जिथे पाहतो तिथे प्रेक्षक पाहतो, हे या धंद्यातल्या लोकांना पूर्वापार माहीत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १९०० साली शाळकरी मुलांसमोर चेंडू वर फेकण्याचा खेळ केला. चेंडू दोनदा खरा वर गेला आणि तिसऱ्यांदा नुसता हात वर गेला. निम्म्याच्या आसपास मुलांनी चेंडू वर जाऊन हवेत नाहीसा झाल्याचं सांगितलं. इंग्लंडमध्ये गुस्ताव्ह कून आणि मायकेल लँड यांनी २००६ मध्ये हाच प्रयोग डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रासह केला. जादूगाराने तिसऱ्या वेळीही नजर वर नेली, तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना न फेकलेला चेंडू दिसला. त्याने हाताकडेच पाहिलं, तेव्हा हे प्रमाण एक तृतीयांशावर आलं. बहुतेकांची नजर चेंडूआधी जादूगाराच्या चेहऱ्याकडे जात होती. गुरुजींनी हे वाचलेलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते खूश झाले, पण चकित झाले नाहीत.

स्वतःची नजर मात्र स्वतःला आरशात तपासता येत नाही. चाल करण्याच्या नेमक्या क्षणी शिकणाऱ्याची पापणी मिटते, म्हणजे आरशातली आपली चूक आपणच पाहायची टाळतो. म्हणून गुरुजींनी आरसा सोडला आणि नातवाकडून मोबाइल उभा करायचा स्टँड मागवला. चित्रण करायचं, मग आवाज बंद करून पाहायचं. बोलणं ऐकू आलं नाही की हात उघडे पडतात.

त्यांना हे वेड कुठून लागलं? पुण्याच्या जादूगार रघुवीर यांचा (१९२४–१९८४) प्रयोग त्यांनी लहानपणी पाहिला होता. रघुवीरांनी मराठी माणसाला रंगमंचावरची जादू दाखवली, देशोदेशी दौरे केले, ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिलं. मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी ते काम पुढे चालवलं. गुरुजी त्या प्रयोगाबद्दल भारावून बोलतात. पण हातचलाखी त्यांनी उचलली ती रंगमंचावरून नव्हे, तर नीरेच्या काठी पाल टाकून राहिलेल्या एका मदाऱ्याकडून.

मदाऱ्याचा वाट्यांचा खेळ मला या सगळ्या विद्येतला सर्वांत अवघड प्रकार वाटतो. परदेशी जादूगार टेबलामागे उभा राहतो, त्याचे पेले उंच असतात. आपला मदारी जमिनीवर मांडी घालून बसतो. त्याच्या वाट्या उथळ, लाकडी, वर बोंड असलेल्या, आणि गोळ्या चिंध्यांच्या. वाटी बोंडाला दोन बोटांत धरून उचलायची, आणि त्याच उचलण्यात खालची गोळी बाकीच्या बोटांत घ्यायची किंवा हातातली सोडायची. वेगळी चाल अशी नसतेच. उचलणं हीच चाल. चारी बाजूंनी माणसं उभी, अंगावर ऊन, खाली माती. झाकायला पडदा नाही, दिवा नाही, संगीत नाही, आडोसा फक्त बोलण्याचा. रंगमंचावरच्या कोणत्याही पेटीपेक्षा हे मोठं काम आहे असं माझं ठाम मत आहे.

या माणसांना आपण काय दिलं? १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून पैसे मागणं हेही भीक मागण्यातच धरलं आहे. रस्त्यावर हात चालवून जगणारा कलावंत त्यामुळे कायद्याच्या लेखी भिकारी ठरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मदाऱ्यांकडचे साप गेले. ते योग्यच झालं, पण सापावर जमणारी गर्दीही गेली आणि तिच्या जोरावर चालणारा वाट्यांचा खेळ आणखी पातळ झाला. गुरुजींच्या त्या मदाऱ्याचं पाल पुढे कधी नीरेकाठी पडलं नाही. त्याने दिलेल्या तीन वाट्या गुरुजींनी फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेत. त्यांपैकी एकीचं बोंड झिजून एका अंगाला सपाट झालं आहे, आणि त्या सपाट जागी मधलं बोट आपोआप बसतं.

गुरुजींनी ही विद्या कामाला लावली ती शाळेत. सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, आणि समितीचे कार्यकर्ते गावोगावच्या शाळांत बुवांचे चमत्कार करून दाखवत, मग ते उलगडून सांगत. गुरुजी त्यांच्याकडून भस्माचा प्रयोग शिकले. बारीक राख भाताच्या पेजेत कालवून लहान गोळी वळायची आणि खडखडीत वाळवायची. ती अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बसते. हात उघडा दाखवला तरी दिसत नाही, कारण तळवा लोकांकडे असतो आणि गोळी मागच्या अंगाला. हात हवेत गोल फिरवायचा, त्या फिरण्यात गोळी बोटांच्या टोकांवर आणायची आणि चुरडायची. बुवा जे करतो तेच, त्याच बोटांनी. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार करून पैसा मिळवणं त्यात गुन्हा ठरवलं आहे.

भोरकडच्या एका शाळेत मी हा प्रयोग पाहिला. भस्म पडलं, मुलं गप्प झाली. गुरुजींनी उलगडून सांगितलं, मुलं हसली. पण मला वाटलं, इथवर मुलांच्या हाती फक्त एका बुवाची एक युक्ती लागली. उद्या बुवा दुसरी काढील. खरा धडा त्यानंतर झाला. गुरुजींनी दहाचं नाणं काढलं, डाव्या मुठीत घातलं, आणि विचारलं, नाणं कुठे आहे ते कुणी पाहिलं? सगळे हात वर. “डाव्या हातात जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं?” हो, पाहिलं! मूठ उघडली तर ती रिकामी. न घडलेली गोष्ट वर्गातल्या प्रत्येकाने पाहिली होती आणि शपथेवर सांगितली होती. “मग आता मला सांगा,” गुरुजी म्हणाले, “जत्रेत कुणी म्हणालं की मी डोळ्यांनी पाहिलंय, तर त्याला काय विचाराल?” मुलांची उत्तरं येत राहिली. तो कुठे बसला होता, किती लांब होता, बुवा तेव्हा कुठे बघत होता, दुसऱ्या हातात काय होतं. फळ्यावर लिहून घेतले असते तर एखाद्या पंचनाम्याला पुरले असते इतके नेमके प्रश्न.

वाट्यांचं गुपित मात्र गुरुजी वर्गात सांगत नाहीत. एका मुलाने हट्ट धरला तेव्हा त्यांनी त्याला जवळ बोलावून सांगितलं, भस्माने माणसं लुटली जातात म्हणून ते उघडं केलं. वाट्यांनी कुणाचं काही जात नाही, आणि ज्याने शिकवलं त्याला विचारल्याशिवाय मी ते वाटू शकत नाही. शिकायचं असेल तर रविवारी सारोळ्याला ये, रुपयापासून सुरू करू. मुलगा त्या रविवारी आला नाही, पण पुढच्या रविवारी बहिणीला घेऊन आला. आता दोघंही येतात. बहिणीचा तळवा लहान आहे, राणीछाप तिच्या हातात मावत नाही. गुरुजींनी तिच्यासाठी पाचाचं जाड नाणं काढलं आहे.