कॅमेरा घ्यायचाय? आधी ठरवा, फोटो कशाचा काढायचा!

भीमपूर (जि. आदिलाबाद) : कापसाचे पैसे हातात आले की घरोघरी खर्चाची यादी निघते. खताची उधारी, पोरांची फी, पाहुण्यांकडचं लग्न. आणि मधूनच पोरगं म्हणतं, "बाबा, एक कॅमेरा घेऊ ना!" पाच-दहा हजार ही काही थोडी रक्कम नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी एवढं वाचा.

मोबाईल असताना कॅमेरा कशाला?

खरं सांगायचं तर पुष्कळांना कॅमेऱ्याची गरजच नसते. घरातले फोटो, शेतातलं पीक, कागदपत्रं यांना बरा मोबाईल पुरतो. काही कामं तर मोबाईलशिवाय होतच नाहीत. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात ज्यांची शेती आहे, त्यांना ई-पीक पाहणी माहीत आहे. महाराष्ट्रात 2021 पासून सुरू झालेल्या या नोंदणीत शेतात उभं राहून ॲपमधूनच फोटो काढावा लागतो. तिथे पन्नास हजारांचा कॅमेराही कामाचा नाही.

मग कॅमेरा कुठे उपयोगी? दोन ठिकाणी. एक, लांबचं जवळ आणायचं असेल तेव्हा. दोन, अंधारात चांगला फोटो पाहिजे तेव्हा. यातलं तुमचं काम कोणतं, ते आधी ठरवा.

मेगापिक्सेलचा नाद सोडा

ऑनलाइन तीन ते सहा हजारांत '48 मेगापिक्सेल' लिहिलेले अनोळखी नावाचे कॅमेरे दिसतात. पुष्कळदा आत लहानसा सेन्सर असतो आणि त्यातून आलेला फोटो नुसता फुगवून मोठा केलेला असतो. फुगवल्याने आकार वाढतो, बारकावे वाढत नाहीत.

हिशोब सोपा आहे. अल्बममध्ये लावतो त्या 4 बाय 6 इंची फोटोला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. ए-फोर आकाराच्या छापील फोटोला सुमारे नऊ. म्हणजे 12 ते 16 मेगापिक्सेलचा जुना कॅमेराही घरच्या कामाला भरपूर झाला.

झूम : 'ऑप्टिकल' शब्द शोधा

ऑप्टिकल झूममध्ये आतली भिंगं सरकतात आणि लांबची वस्तू खरोखर मोठी दिसते. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं. ते काम नंतर मोबाईलवरही होतं. म्हणून डब्यावर '16एक्स डिजिटल झूम' लिहिलं असेल तर त्याचे जास्त पैसे मोजू नका.

शाळेचं स्नेहसंमेलन किंवा कबड्डीचा सामना टिपायचा तर 8 ते 10 पट ऑप्टिकल झूम पुरे. पैनगंगेच्या काठावरचे पक्षी टिपायचे तर 30-40 पट झूमचा 'ब्रिज' कॅमेरा बघा. एवढ्या झूमवर हात जरा हलला तरी फोटो बिघडतो, म्हणून तिपाई घ्या नाहीतर कॅमेरा भिंतीवर टेकवा.

एक गोष्ट निक्षून सांगतो. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ नदी ओलांडून आपल्या भागात येतात. झूम आहे म्हणून वाघाच्या मागे जायचं नाही. दिसला की मागे फिरायचं आणि वन खात्याला कळवायचं.

अंधारात सेन्सर बोलतो

दिवाळीच्या दिवसांतली दंडारी, गुसाडी नाच, केस्लापूरची नागोबा जत्रा, रात्रीची वरात, आपले मोठे प्रसंग अंधारातले. तिथे मेगापिक्सेल नाही, सेन्सरचा आकार महत्त्वाचा. खिशात मावणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण 6 बाय 4.5 मिलिमीटरचा असतो. डीएसएलआरचा साधारण 23 बाय 15, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास बारा-तेरापट. जेवढं ताट मोठं तेवढा उजेड जास्त.

लहान कॅमेऱ्याचा फ्लॅश अडीच-तीन मीटरपर्यंतच पोचतो. त्यामुळे जवळच्या माणसांचा फोटो छान येतो, लांबचा नाच मात्र काळाच राहतो. आणि नाचणाऱ्यांच्या तोंडावर फ्लॅश मारण्याआधी विचारून घ्या. तो तमाशा नाही, त्यांची पूजा आहे.

नवा की जुना?

मोबाईलने लहान कॅमेऱ्यांचा बाजार खाल्ला. जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार 2010 मध्ये जगभरात सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे दुकानांत गेले. 2023 मध्ये 80 लाखांच्याही आत. म्हणून स्वस्तात चांगले नवे कॅमेरे फार उरले नाहीत. कमी पैशांत रात्रीचे फोटो पाहिजेत तर नामांकित कंपनीचा जुना डीएसएलआर, सोबत 18-55 लेन्स, हा बरा सौदा. घेताना हे तपासा :

• लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, सोडून द्या.
• पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ.
• झूम पुढे-मागे करा, फ्लॅश उडवा, आपलं कार्ड घालून फोटो साठतो का बघा.
• बॅटरी फुगलेली नको. त्या मॉडेलची बॅटरी अजून मिळते का, ते विचारा.
• जुनं बिल मागा. बिलही नाही आणि विकणाऱ्याची ओळखही नाही, तर माल चोरीचा असू शकतो.

आदिलाबादला घ्यावा की पलीकडे?

करासाठी सीमा ओलांडू नका. कॅमेऱ्यावरचा जीएसटी दोन्हीकडे सारखाच, 18 टक्के. फरक पडतो तो दुकानदाराच्या भावात आणि नंतरच्या दुरुस्तीत. नवा घेताना पक्कं बिल आणि भारतात चालणारी वॉरंटी आहे ना, बघा. 'बिलाशिवाय हजार कमी' म्हणाला तर ते हजार पुढे महागात पडतात.

घेतल्यावर जपा

उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत कॅमेरा ठेवू नका. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, नाहीतर बुरशी धरते. तारीख-वेळ पहिल्याच दिवशी बरोबर लावा. आणि फोटो एकाच कार्डात ठेवू नका. महिन्यातून एकदा दुसरीकडे उतरवून घ्या.

थोडक्यात, मोबाईल बरा असेल आणि लांबचं किंवा रात्रीचं काम नसेल, तर पैसे राहू द्या. काम असेल तर त्या कामापुरताच कॅमेरा घ्या. कपाटात पडून राहणारा स्वस्त कॅमेरा सगळ्यात महाग असतो.