कडेकडेने नको, बॉस!

‘कडेकडेने जा गं!’ हेल्मेटचा पट्टा लावताना आईचं हे वाक्य रोज कानावर पडतं. तिची काळजी शंभर टक्के खरी, पण सल्ला अर्धाच बरोबर!

मी कोथरूडहून डेक्कनला ऑफिसला सायकलनेच जाते. कर्वे रोडची डावी कड कधी नीट बघितलीय? ड्रेनेजची खचलेली झाकणं, वाळू, उलट दिशेने येणारे टू-व्हीलरवाले आणि पार्क केलेल्या गाड्या. त्यातल्या एकाने धाडकन दार उघडलं की तुम्ही थेट रस्त्यावर! शिवाय तुम्ही जितके कडेला सरकाल, तितकं मागच्याला वाटतं, ‘जागा आहे की!’ आणि तो घासून ओव्हरटेक मारतो.

ब्रिटनमध्येही वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. तिथल्या ‘हायवे कोड’मध्ये जानेवारी २०२२ मध्ये हे स्पष्टच लिहिलं गेलं. शांत रस्त्यावर, ट्रॅफिक हळू असताना आणि चौकाजवळ किंवा रस्ता अरुंद होतो तिथे लेनच्या मधून सायकल चालवा. बिझी रस्त्यावर गाड्या तुमच्यापेक्षा वेगात असतील, तर त्यांना जाऊ द्या. पण कडेपासून किमान अर्धा मीटर अंतर ठेवूनच.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे लेन असते कुठे? मान्य! म्हणून रेष शोधू नका. स्वतःला एकच प्रश्न विचारा : इथे कार मला सेफली ओव्हरटेक करू शकेल का? नसेल, तर थोडं मधे या. रस्ता रुंद झाला की पुन्हा डावीकडे व्हा.

आणि हे मस्ट :

• पार्क केलेल्या गाड्यांपासून एक मीटर लांब राहा. दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर करू नका.

• सिग्नलला बसच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. बस डावीकडे वळली तर ड्रायव्हरला तुम्ही दिसणारच नाही.

• मधे येण्याआधी मागे बघा, हात दाखवा, मगच सरका. उजवीकडे वळायला जमत नसेल, तर उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हातात धरून न्या. त्यात कसली लाज?

कात्रज-देहूरोड बायपासवर मात्र हा प्रयोग नको. तिथल्या वेगापुढे आपली सायकल कुठेच लागत नाही.

या रविवारी सकाळी रिकाम्या गल्लीत प्रॅक्टिस करा. सायकल न डगमगता मागे वळून बघता आलं, की सोमवारी ऑफिसला निघा!